वीत आणि चार बोटं

६ ऑगस्ट

बाबा, नमस्कार.

फोनवर माझा आवाज आला की तुम्ही फोन ताईच्या हातात देता. चौदा महिने झाले. म्हणाल, ही मोजतच बसते; पण मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून आता पत्र. ताईशी असं ठरलं आहे की पत्र भावोजींनी जेवताना मोठ्याने वाचायचं, कारण भरल्या ताटावरून तुम्ही कधी उठला नाहीत. हा आम्हा दोघी बहिणींचा डाव आहे, आणि तो मी सुरुवातीलाच फोडला. माझ्याकडून काही लपवून होत नाही. (हे वाक्य पूर्ण खरं नाही. तूर्त राहू दे.)

भावोजी, एक विनंती. लिहिलं आहे तसंच वाचा. ताई सांगते, तुम्ही वर्तमानपत्रसुद्धा सुधारून वाचता.

बाबा, आपला संघ जिंकला. काल, बाहेरच्या मैदानावर, दोन-एक. सहा वर्षांत पहिल्यांदा. बाकीची कॉलेजं आमच्या मुलींना काय म्हणायची आठवतं ना? 'विश्रांती'. आमच्याशी सामना असला की ते आपल्या चांगल्या खेळाडूंना घरी ठेवायचे. मी पहिल्या वर्षाला होते तेव्हा तर अकरा मुलीही जमल्या नव्हत्या आणि सरांनी मला, वही सांभाळणारीला, डावीकडे उभं केलं होतं. तुम्ही कुंपणापाशी रेषा आखायच्या फक्कीचा डबा घेऊन उभे होतात. चेंडू आला तशी मी दोन्ही हात तोंडावर घेतले आणि तुम्ही ओरडलात, "अगं, तो चावत नाही!"

यंदा काय बदललं ते मला एका वाक्यात सांगता येणार नाही. कप्तान गुडघा बरा करून परत आली. तिने नियम केला की सरावाला जी उशिरा येईल तिने चेंडूंची जाळी वाहायची. पहिले आठ दिवस ती स्वतःच वाहत होती. सर आता ओरडत नाहीत, विचारतात. गोलकीपरला गेल्या वर्षी सगळ्या 'खिडकी' म्हणायच्या, यंदा 'भिंत' म्हणतात. मला 'फूटपट्टी' म्हणतात, त्यात बदल नाही.

मैदानावर आता ठेकेदाराचा माणूस येतो आणि यंत्राने रेषा मारतो. त्याचं मधलं वर्तुळ अंड्यासारखं येतं. भिंत म्हणाली, "तुझे बाबा होते तेव्हा आपलं काहीच धड नव्हतं, पण वर्तुळ गोल होतं." सामानाच्या खोलीत तुमच्या आखणीच्या दोराचा खिळा रिकामाच आहे. त्यावर कोणी काही टांगत नाही. का, ते मी विचारलं नाही.

आई बरी आहे. म्हणते, "लिही त्यांना, आठवड्यासाठी लेकीकडे गेलेला माणूस एवढा मुक्काम ठोकत नाही. जावई सज्जन आहे म्हणून काही बोलत नाही." भावोजी, हे तिचं वाक्य आहे, माझं नाही.


२९ ऑगस्ट

बाबा,

भावोजींचं उत्तर मिळालं. तुम्ही पूर्ण ऐकलंत, काही बोलला नाहीत आणि शेवटी पाणी मागितलंत. भावोजी लिहितात की पाणी मागणं मी अनुकूल समजावं. मी तसं समजते आहे.

पाच सामने झाले. चार जिंकलो, एक बरोबरीत सुटला. आठ कॉलेजांत आम्ही वर आहोत. गुणतक्त्यावर आपलं नाव सर्वांत वर छापलेलं बघून सरांनी आधी कागद उलटा धरलाय का ते पाहिलं. गेली चार वर्षं जे कॉलेज पहिलं येतं त्यांनाही आम्ही घरच्या मैदानावर हरवलं. एक-शून्य. कप्तानने पेनल्टी मारली, कोपऱ्यात, गोलकीपर हललीसुद्धा नाही.

आता एक गोष्ट विचारायची आहे आणि ती कशी विचारावी हे मला चार दिवस सुचलेलं नाही.

माझ्या वहीत प्रत्येक पेनल्टीची नोंद असते, सरावातलीही. घरच्या मैदानावर बावीसपैकी एकोणीस आत गेल्या. बाहेरच्या मैदानांवर पाचपैकी एक. दोन दांडीला लागल्या, एक गोलकीपरच्या हातात, एक कुठे गेली ते अजून शोधतायत. सर म्हणाले, "बाहेर दडपण येतं." कप्तान म्हणाली, "दडपण नाही हो सर, यांनी ठिपकाच मागे सरकवलाय." सगळ्या हसल्या. मी हसले नाही.

सामना संपल्यावर मी गोलरेषेवरून ठिपक्यापर्यंत पावलाला पाऊल लावून चालत गेले. सर म्हणाले, "फूटपट्टी, काय चाललंय?" मी म्हटलं, "बुटात खडा गेलाय." हे खोटं होतं. बाहेरच्या तिन्ही मैदानांवर माझी शेहेचाळीस पावलं भरली. आपल्या मैदानावर साडेचव्वेचाळीस. तीन कॉलेजं तीन ठिकाणी सारखीच चूक करणार नाहीत.

याचा अर्थ काय तो मला दिसतोय, पण खात्री झाल्याशिवाय लिहिणार नाही. खात्रीशिवाय लिहिण्याचा परिणाम मी एकदा पाहिला आहे. बाबा, तुमचा दोर पाठवाल का? चार दिवसांसाठी. कॉलेजला नको आहे, मला हवा आहे.


१५ सप्टेंबर

बाबा,

दोर आला नाही. तुमचा राग बरोबर आहे. मी दुसरीकडून मोजलं आणि आता सगळं लिहिते. भावोजी, आज हळू वाचा. तुम्हाला आणि ताईला यातला काही भाग माहीत नाही, म्हणून बाबांना ठाऊक असलेलंही पुन्हा सांगते.

गेल्या वर्षी जूनमध्ये आपल्या मैदानावर सराव सामना होता. पाहुण्या संघातल्या एका मुलीची पेनल्टी हुकली आणि ती म्हणाली, ठिपका लांब आहे. कोणी लक्ष दिलं नसतं. प्राचार्य बघायला आले होते, त्यांनीही नाही. मी धावत जाऊन कापडी टेप आणली. मला वाटलं, बाबांचं माप बरोबर असणार, ते सगळ्यांसमोर सिद्ध होईल. टेपची कडी गोलरेषेवर अडकवली, ठिपक्यापर्यंत ओढली आणि आकडा वाचला. अकरा मीटर हवं, तीस सेंटीमीटर जास्त भरलं. तो आकडा मी मनात ठेवू शकले असते. मी तो मोठ्याने वाचला.

तुम्ही बावीस वर्षं त्याच दोराने मैदान आखलं. जुन्या सरांनी पहिल्या दिवशी लोखंडी टेपने मोजून तुम्हाला चिंध्या बांधून दिल्या होत्या: पेनल्टीला लाल, मोठ्या चौकटीला निळी, वर्तुळाला पिवळी. चिंध्या आईच्या शिवणाच्या टोपलीतल्या. दोर कधी ओला होऊ दिला नाहीत, कधी जमिनीवर टाकला नाहीत, ताणायच्या आधी तीनदा झटकायचात. आणि मी आकडा वाचल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "टेप शिकलेली आहे, बाई. दोर अडाणी."

त्यानंतर मेमो आला, तुम्हाला मैदानावरून काढून फाटकावर बसवलं, आणि तुम्ही दोर खांद्यावर टाकून ताईकडे निघून गेलात. सगळं मैदान मग टेपने नव्याने आखलं गेलं.

परवा मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून लोखंडी टेप मागून आणली आणि कापडी टेप तिच्या शेजारी व्हरांड्यात लांब पसरली. कापडी टेपचं पहिलं टोक पाहिलं. तिथे शून्य नाही. दहा नाही, वीस नाही, तीस शिलाईत दडलेला. कडी संपल्यावर पहिला आकडा चाळीस.

घरी गेले. आई मशीनवर होती.

"आई, या टेपचं टोक तू शिवलंस?"

"मग! तूच तर आणून दिलीस. कडी लोंबत होती."

"शिवताना काही कापलंस?"

"उसवलेल्या काठावर टाका बसतो का? अखंड कापड लागेपर्यंत कापलं, दुमडलं, दोनदा शिलाई मारली. हत्ती बांध, सुटायची नाही."

"किती कापलंस?"

आईने मशीनच्या पाटावर वीत धरली आणि पुढे चार बोटं टेकवली. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. "का गं?"

मी सांगितलं. तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं. "म्हणजे मी केलं हे?"

"नाही. तू शिवलंस ते बरोबर शिवलंस. वाचायचं काम माझं होतं."

"एवढी पुस्तकं वाचलीस," आई म्हणाली, "आणि टेपचं पहिलं पान वाचलं नाहीस?"

मग आम्ही हसलो आणि मग आई रडली. की आधी रडली, याची मी नोंद ठेवलेली नाही.

तर बाबा, तुमचा ठिपका बरोबर होता. बावीस वर्षं बरोबर होता. चुकलेला ठिपका नंतरचा आहे, मी मोजलेला. आमच्या मुलींनी वर्षभर एक फूट जवळून सराव केला, म्हणून बाहेर त्यांच्या पेनल्ट्या हुकत होत्या. सर म्हणतात, एका फुटाने काय होतंय. होतही नसेल. पण वहीत दिसतंय ते दिसतंय.

आता राहिलेली गोष्ट. पहिल्या पत्रात कंसात लिहिलं होतं ती.

तुम्हाला वाटतं, तक्रार सरांनी केली. मेमोचा मसुदा माझा होता. सरांचं अक्षर वाईट म्हणून ते ऑफिसची पत्रं माझ्याकडून लिहून घेतात. ते म्हणाले, "चूक झाली एवढंच लिही." मी लिहिलं, 'अक्षम्य निष्काळजीपणा'. सरांनी वाचून विचारलं, जरा जास्त होतंय का? मी म्हटलं, ऑफिसची भाषा अशीच असते. खरं कारण असं की मला तो शब्द येत होता. आपल्या घरात कोणालाच न येणारा शब्द मला येत होता आणि तो कुठेतरी वापरायचा होता. तो मी तुमच्यावर वापरला.

हे लिहून झाल्यावर मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं वाटत नाही, कारण एक अडचण उरते. तुमचा मेमो मागे घ्यायला लावायचा तर मला कॉलेजला कळवावं लागेल की वर्षभर मैदान चुकीचं आखलं होतं. मग गेल्या वर्षीच्या पहिल्या नंबरच्या कॉलेजला आम्ही त्याच चुकलेल्या ठिपक्यावरून हरवलं हेही कळेल, आणि तो सामना रद्द होऊ शकेल. अर्धंच खरं कसं लिहायचं ते मला येत नाही. सर म्हणतात, "हंगाम संपल्यावर लिही. बाबा चौदा महिने थांबले, आणखी एक महिना थांबतील."

हे मला एक दिवसभर पटलं होतं, बाबा. तेही लिहून ठेवते.


२८ सप्टेंबर

बाबा,

दोर मिळाला! पार्सल उघडलं तेव्हा आधी वास आला, फक्कीचा आणि तुमच्या सदऱ्याचा. आईने लाल चिंधी ओळखली. "ताईच्या लहानपणच्या फ्रॉकची आहे," म्हणाली.

भावोजींची चिठ्ठी मी इतक्यांदा वाचली की ती पाठ झाली आहे. त्यांनी माझी विनंती पाळून तुमचे शब्द जसेच्या तसे लिहिलेत: "तिला सांगा, ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. शिपायाने कागद हातात दिला, तेव्हाच. वाचता येत नाही म्हणून काय, दहा वर्षं तिच्या वह्यांना कव्हरं घातलीत मी. पोरीचं अक्षर ओळखत नाही की काय? आतला शब्द शिपायाने वाचून दाखवला. तो काय आहे हे मी त्यालाच विचारलं. मला राग शब्दाचा नव्हता. ती येऊन सांगेल म्हणून मी आठवडाभर वाट बघितली, याचा होता."

त्या आठवड्यात मी दोनदा फाटकापर्यंत आले होते. दोन्ही वेळा तुम्ही मान खाली घालून बसला होतात आणि मी परत फिरले. यावर मी आणखी काही बोलणार नाही.

चिठ्ठीच्या शेवटी: "वर्तुळ काढताना खुंटीपाशी उभ्या माणसाने अजिबात हलायचं नाही." आणि भावोजींची भर: "एवढं बोलून दोन घास जास्त जेवले." भावोजी, ही भर चालेल.

आता इकडचं. पार्सल यायच्या आदल्या दिवशी मी कप्तानला एकटीला गाठून सांगितलं. ती बुटाच्या नाड्या सोडत होती. सगळं ऐकून तिने त्या पुन्हा बांधल्या.

"सामना रद्द होईल?"

"होऊ शकतो."

"आणि तू गप्प बसलीस तर?"

"कोणाला कळणार नाही. पण बाबांवरचा मेमो तसाच राहील."

ती उठून उभी राहिली. मग म्हणाली, "मी पहिल्या दिवशी ओल्या फक्कीवरून चालत गेले होते. तुझे बाबा म्हणाले, 'पुसलीस ना? आता तूच मार.' अख्खी बाजू मारून घेतली माझ्याकडून, उन्हात. चल. आपण पुसली आहे, आपणच मारू."

बाकीच्यांना तिनेच सांगितलं. भिंत पाय आपटत बाहेर गेली आणि दारातून परत येऊन म्हणाली, "फूटपट्टी, मी खेळायला लागल्यापासून पहिल्यांदा माझी आजी माझा सामना बघायला आली होती. तोच सामना सापडला तुला?" पाच दिवस झाले, ती माझ्याशी बोललेली नाही. मला तिचं काही चूक वाटलं नाही.

सर, कप्तान आणि मी स्पर्धेच्या ऑफिसात गेलो. दोन्ही टेपा आणि वही घेऊन. तिथले सचिव म्हातारे आहेत, चष्मा कपाळावर ठेवून वाचतात. माझा अर्ज वाचला, पुन्हा वाचला, मग चष्मा खाली ओढून माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे तुम्ही जिंकलात, आणि त्याविरुद्ध तुमचीच तक्रार?"

"हो."

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा पाहतोय. बस, बाई. पाणी घे. तब्येत बरी आहे ना?"

निकाल काल आला. घरी झालेल्या बाकीच्या सामन्यांत पेनल्टी नव्हती, ते तसेच राहणार. हा एक पुन्हा खेळायचा, आपल्याच मैदानावर, अगदी शेवटी. ते कॉलेज आता आमच्यापेक्षा दोनच गुणांनी मागे आहे. जो जिंकेल तो पहिला.

कॉलेजने अजून मेमोबद्दल काही ठरवलेलं नाही. प्राचार्य म्हणाले, सामना होऊ दे.

आज सकाळी आम्ही दोर लोखंडी टेपला लावून पाहिला. लाल चिंधी अकरा मीटरला अंगठाभर कमी पडली. मला हे लपवायचं नाही. सर म्हणाले, बावीस वर्षांत एक अंगठा म्हणजे दोराने पगारवाढ मागावी. आम्ही चिंधी अंगठाभर पुढे सरकवली. तुमची परवानगी नंतर मागते आहे.


११ ऑक्टोबर

बाबा,

दोन-एक. जिंकलो. आधी हे लिहून टाकलं, म्हणजे तुम्हाला ताटावर घास अडकायला नको.

मैदान आम्हीच आखलं, आदल्या सकाळी. ठेकेदाराच्या माणसाला कप्तानने चहा देऊन बाकावर बसवलं. मी खुंटीपाशी उभी राहिले आणि हलले नाही. नाकावर माशी बसली तरी नाही. कप्तान दोर ताणून फिरत होती, भिंत मागून फक्की टाकत होती. अजून माझ्याशी बोलत नव्हती. वर्तुळ पुरं झालं तेव्हा सुरुवात आणि शेवट बरोबर जुळले. भिंत डबा ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, "गोल आहे गं." पाच दिवस नव्हे, सोळा दिवसांनंतर बोलली. मागच्या पत्रातला आकडा तेव्हापुरता होता.

सामना सांगायचा तर पूर्वार्धात एक-एक होता. मग उजवीकडून आलेल्या कॉर्नरवर कप्तानने डोकं लावलं आणि दोन-एक. त्यानंतरची वीस मिनिटं मी वहीत काहीच लिहिलेलं नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा पान कोरं आहे.

शेवटची तीन मिनिटं उरली आणि रेफरीने त्यांना पेनल्टी दिली.

आमच्या बाकावर सगळ्यांनी आधी ठिपक्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी तुमच्या लाल चिंधीकडे पाहत होते. दोर माझ्या मांडीवर होता, सामानाच्या खोलीत ठेवायला धीर झाला नव्हता. मला वाटलं, आता गोल झाला तर लोक म्हणतील, हिने आणि हिच्या दोराने घालवलं. आणि मग, खरं सांगते, मला वाटलं, म्हणू देत. ठिपका बरोबर आहे. हरलो तर बरोबर ठिपक्यावरून हरू. चौदा महिन्यांत, आता सोळा झाले, माझ्या छातीत पहिल्यांदा जागा झाली. त्यांच्या मुलीने चेंडू ठेवला त्याच्याआधीची गोष्ट आहे ही. नंतरची नाही.

तिने जोरात मारला, डावीकडे. भिंत झेपावली आणि चेंडू तिच्या बोटांना लागून खांबाबाहेर गेला. तीन बोटांना. मी नंतर विचारून घेतलं.

सामना संपल्यावर ती माझ्यापाशी आली, हातमोजा काढला आणि बोटं नाकासमोर धरली. "एक फूट जवळ असता ना, तर ही पोचली नसती. लिही वहीत."

मी म्हटलं, "ते खात्रीने सांगता येत नाही."

"मर मेली," ती म्हणाली आणि मला उचललं. तिच्या आजी या वेळीही आल्या होत्या. त्यांना निकाल कळला नव्हता, पण नातीला सगळे उचलतायत एवढं दिसत होतं.

ते म्हातारे सचिव बक्षीस द्यायला आले होते. चषक कप्तानच्या हातात दिला आणि सरांना हळूच विचारलं, "ती तक्रारवाली कुठाय? आज काही म्हणणं नाही ना तिचं?"


१७ ऑक्टोबर

बाबा,

हे पत्र टपालात टाकणार नाही.

काल प्राचार्यांनी मेमो मागे घेतला. सर मसुद्यासाठी कागद घेऊन माझ्याकडे आले. मी म्हटलं, सर, हा मी लिहिणार नाही. माझ्या अक्षरातला कागद बाबांना एकदा मिळालाय, तेवढा पुरे. सरांनी स्वतः लिहिला. भयंकर अक्षर आहे, कोंबडीने फक्कीत पाय बुडवून चालावं तसं. पण त्यात लिहिलंय की आखणी पहिल्यापासून अचूक होती, चूक टेपची आणि टेप वाचणारीची होती, आणि मैदान पुन्हा तुमच्याकडे द्यावं. 'टेप वाचणारीची' हे मी घालायला लावलं. सर म्हणाले, कशाला? मी म्हटलं, नाहीतर पत्र एक फूट कमी भरेल.

सकाळी ताईचा फोन आला. म्हणाली, पहाटे उठून पिशवी भरलीत, तिकडे ज्या नर्सरीत राखणीला जायचात तिच्या मालकाला किल्ल्या देऊन आलात आणि बसमध्ये बसलात. विचारलं तर म्हणालात, "हंगाम संपलाय. मैदान उकरून सपाट करायची वेळ हीच. पोरींना त्यातलं काय कळतंय?" भावोजी रडवेले झालेत म्हणे, आता जेवताना वाचायला काही उरलं नाही.

आई सकाळपासून तीनदा दाराशी जाऊन आली. विचारलं की म्हणते, उजेड बघते आहे. तुमचं ताट तिने घासून पुसून पुढे काढून ठेवलंय. कापडी टेपचा कापलेला तुकडाही टोपलीत सापडला, वीत आणि चार बोटं, शून्यापासून. आई म्हणाली, "टाकू का?" मी म्हटलं, नको. तो माझ्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलाय.

दोर खिळ्यावर आहे. झटकून ठेवलाय, तीनदा.

बस साडेसहाला पोचेल. मी स्थानकावर येते आहे, आणि या वेळी परत फिरणार नाही. तुम्ही काय बोलाल माहीत नाही. बहुतेक काहीच नाही. पिशवी माझ्याकडे द्याल आणि पुढे चालू लागाल. चालेल.

पण मग घरी आपण जेवायला बसू. ताट भरलेलं असेल. आणि हे पत्र मी वाचून दाखवीन, माझ्या तोंडाने, सुरुवातीपासून.